भूमध्य समुद्रात मुलांसह: एका बंदरात एकच गोष्ट

भूमध्य समुद्रातील क्रूझविषयी आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरील मित्रमंडळींत दोन मते ऐकू येतात. पहिले असे की मुलांना आणि ज्येष्ठांना घेऊन युरोप पाहायचा तर याहून सोयीचा मार्ग नाही, कारण बॅगा एकदा केबिनमध्ये रिकाम्या केल्या की आठवडाभर त्यांना हात लावावा लागत नाही आणि रोज सकाळी नवे शहर आपणहून खिडकीशी येते. दुसरे असे की सात-आठ तासांत एखादे शहर उरकणे म्हणजे प्रवास नव्हे. थोरली पाचवीत, धाकटा पहिलीत आणि बरोबर सासूबाई, अशा लवाजम्यासह ही सफर करून आल्यावर मला दोन्ही मतांत तथ्य दिसते; मात्र दुसऱ्या आक्षेपावर एक साधा उपाय आहे. जहाजावरचा वेळ मुलांना बहाल करावा आणि एका बंदरात एकच गोष्ट पाहावी, बाकीची यादी निर्दयपणे फाडून टाकावी.

आमचा मार्ग बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जिनोआ, नेपल्स, सिसिलीतील मेस्सिना आणि माल्टाची राजधानी व्हॅलेटा करीत पुन्हा बार्सिलोनाला येणारा होता. हे सर्व देश शेंगेन क्षेत्रात येत असल्याने एकाच व्हिसावर भागते; परंतु मार्गात ट्युनिस किंवा तुर्कस्तानातील एखादे बंदर असेल तर जहाज क्षेत्राबाहेर जाऊन परत येते, म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचाच लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्याच्या सुट्टीचा बेत असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच मुंबईच्या केंद्राची वेळ घ्यावी, कारण पुढे अर्ध्या महाराष्ट्राला एकाच वेळी युरोपला जायचे असते. 12 वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. सहा वर्षे पूर्ण झालेल्या आणि बारा पूर्ण न झालेल्या मुलांचे शुल्क मोठ्यांच्या निम्मे, म्हणजे 45 युरो आहे, आणि त्याहून लहानांना शुल्कच नाही. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा मात्र सर्वांना सक्तीचा आहे.

खाऊच्या बाबतीत एक सूचना आवर्जून करते. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. त्यामुळे साजूक तुपाची बरणी आणि पेढे घरीच ठेवून आम्ही नाशिकचा चिवडा, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली. विजेची किटली आणि छोटा कुकर यांचाही मोह टाळावा. आगीच्या धोक्यामुळे जहाजाच्या तपासणीत अशी उपकरणे काढून घेतात आणि सफर संपल्यावर परत देतात. बुफेत भात, डाळीचे सूप, भाज्या, फळे आणि पाव यांची ददात नसते. सासूबाईंना एवढेच सांगून ठेवले होते, की पार्मेझानसारख्या काही चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट हे द्रव्य वापरतात, तेव्हा विचारूनच घ्यायचे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी एका वाढप्याला आपला मेतकूट-भात खिलवून त्याच्याशी मैत्री जमवली आणि त्यानंतर आमच्या टेबलावर काय ठेवायचे याची काळजी तोच घेऊ लागला.

नाशिकच्या मुलांना बोट म्हणजे गंगापूर धरणावरचा बोट क्लब. बार्सिलोनाच्या धक्क्यावर उभे राहून धाकट्याने मान वर करून मजले मोजायला सुरुवात केली आणि मध्येच आकडा चुकल्यावर, 'आई, ही बोट नाही, ही सोसायटी आहे,' असा निकाल दिला. जहाज सुटण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला आपत्कालीन सराव करावा लागतो. जानेवारी 2012 मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आदळून 32 जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी चिव्हिटाव्हेकिया बंदरातून चढलेल्या प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता; तोवर तो चढल्यापासून चोवीस तासांत केव्हाही घेतला तरी चालत असे. सात आखूड आणि एक लांब भोंगा ही धोक्याची खूण धाकट्याला इतकी आवडली की रात्री जेवताना ती दोनदा ऐकावी लागली. पालकांनी हा सराव मात्र गंभीरपणे घ्यावा. आपले जमण्याचे ठिकाण कोणत्या मजल्यावर आहे आणि त्या वेळी मूल किड्स क्लबमध्ये असेल तर त्याला तिथे कोण आणणार, हे तेव्हाच विचारून घ्यावे.

किड्स क्लब तीन वर्षांपुढील मुलांसाठी, वयोगटांनुसार विभागलेला आणि विनाशुल्क होता. इटालियन, फ्रेंच आणि स्पॅनिश मुलांच्या घोळक्यात आपल्या मुलांचे कसे होणार ही आमची धास्ती पहिल्या तासातच संपली. पत्ते आणि पकडापकडी यांना भाषा लागत नाही. खर्चाचे म्हणाल तर पिण्याचे बाटलीबंद पाणी, इंटरनेट आणि दरडोई दररोजचे सेवाशुल्क हे सारे तिकिटाव्यतिरिक्त येते. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की मोबाइल उपग्रहाद्वारे चालणारे सागरी नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर डोळे पांढरे करणारे असतात, म्हणून फोन विमान मोडमध्येच ठेवावा.

मार्सेयला क्रूझचा धक्का शहरापासून बराच दूर आहे. जुन्या बंदरावरून निघणाऱ्या छोट्या पर्यटक गाडीने टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चपर्यंत जायचे, एवढाच आमचा बेत होता. परंतु सावरकरांचे जन्मगाव भगूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसांना मार्सेय हे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर लंडनमध्ये अटक झालेल्या विनायक दामोदर सावरकरांना खटल्यासाठी हिंदुस्थानात आणले जात असताना, 8 जुलै 1910 रोजी याच बंदरात त्यांनी 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून समुद्रात उडी घेतली आणि पोहत किनारा गाठला. पण फ्रेंच भूमीवर पाऊल ठेवूनही ते पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली झाले. हे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेले आणि फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. टेकडीवरून खाली पसरलेले बंदर दाखवत सासूबाईंनी ही हकीकत मुलांना सांगितली. धाकट्याला राजकारणापेक्षा पोर्टहोलच्या मापाची चिंता अधिक होती. संध्याकाळी केबिनमध्ये परतल्यावर त्याने आमच्या खिडकीची काच चारही बाजूंनी चाचपून पाहिली आणि आता या खिडक्या उघडतच नाहीत, असे काहीशा निराशेने जाहीर केले.

जिनोआत फार विचार करावा लागला नाही. कोलंबसच्या प्रवासाला 500 वर्षे झाली त्या निमित्ताने, 1992 मध्ये, रेंझो पियानो या वास्तुविशारदाने जुन्या बंदराचा कायापालट केला आणि तिथेच युरोपातील मोठ्या मत्स्यालयांपैकी एक उभे राहिले. धक्क्यापासून ते चालत जाण्याजोगे आहे. मुले खूश, आम्ही सावलीत.

खरा पेच नेपल्सला होता. तिथे उतरणारे बहुतेक प्रवासी ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेलेले प्राचीन रोमन शहर पोम्पेई गाठतात आणि त्यांचे काही चुकत नाही. परंतु लोकल गाडीचा प्रवास, उन्हात तापलेले दगडी रस्ते आणि सावलीचा अभाव यांचा हिशेब मांडून आम्ही पोम्पेईऐवजी तिथल्या वस्तू ज्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ठेवल्या आहेत, तिथे जायचे ठरवले. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते, तेव्हा जहाजाचा वार आधी पाहून घ्यावा. बंदरासमोरच्या म्युनिचिपिओ स्थानकातून मेट्रोने तिसरे स्थानक म्हणजे म्युझेओ. वाटेतले टोलेडो स्थानक निळ्या मोझाइकने असे मढवले आहे की मुले तिथेच उतरायला निघाली होती.

आत सर्वांत जास्त वेळ गेला तो जळून कोळसा झालेल्या एका पावापाशी. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हाचा तो गोल पाव, त्यावर भाजण्यापूर्वी पाडलेल्या खाचा अजून स्पष्ट दिसतात. थोरली बराच वेळ काचेला नाक लावून उभी होती. 'म्हणजे हा कुणीतरी खाणार होता,' एवढेच ती म्हणाली. राखेत सापडलेल्या माणसांच्या आकृत्या मुलांना दाखवाव्यात की नाहीत, यावर आमचे घरी दोन दिवस चर्चासत्र झाले होते. त्या पावाने ते काम कुणालाही न घाबरवता केले.

मला मात्र तिथे एका मूर्तीसाठी जायचे होते. 1938 मध्ये पोम्पेईतील एका घरात सुमारे 25 सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, जिला 'पोम्पेईची लक्ष्मी' म्हणतात. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असेही अनेक अभ्यासकांचे मत आहे. अडचण अशी की ही मूर्ती 'गुप्त दालन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागात ठेवलेली आहे, जिथे पोम्पेईतील शृंगारिक चित्रे आणि शिल्पे एकत्र केली आहेत. लहान मुलांना तिथे मोठ्यांच्या सोबतीनेच प्रवेश मिळतो. धाकट्याला बाबांबरोबर बाहेर ठेवून, थोरलीच्या खांद्यावर हात ठेवून मी तिला सरळ त्या कपाटापाशी नेले. सासूबाई आमच्या मागून, भिंतींकडे न पाहण्याचा आव आणत, सगळे पाहत आल्या.

पायांत नडगीपर्यंत चढवलेले वाळे, हातभर बांगड्या, गळ्यात भरगच्च हार आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. ओळखीचा चेहरा परक्या गावात भेटावा तसे झाले. डोक्यावरचे छिद्र पाहता ती एखाद्या आरशाची मूठ किंवा फर्निचरचा भाग असावी असे म्हणतात. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती मराठवाड्यातील भोकरदन आणि तेर येथे मिळाल्या आहेत, त्यामुळे ती दख्खनमध्येच घडली असावी असा तर्क केला जातो. तसे असेल तर भडोचच्या बंदरातून, मोसमी वाऱ्यांच्या आधाराने तांबड्या समुद्रात, तिथून इजिप्तमार्गे अलेक्झांड्रियाला आणि पुन्हा गलबताने याच नेपल्सच्या उपसागरात, असा तिचा प्रवास झाला असला पाहिजे. हिंदुस्थान दरवर्षी रोमन साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो अशी तक्रार करणारा रोमन लेखक प्लिनी याच उपसागरातील आरमाराचा प्रमुख होता आणि व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात त्याचा मृत्यू झाला. ही ये-जा एकतर्फी नव्हती, हे सांगायला मला थोरलीच्या शाळेची सहल उपयोगी पडली. आपल्या पांडवलेणीतील 17 क्रमांकाचे लेणे कोरवून घेणारा धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त हा स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतो, तसा शिलालेखच तिथे आहे. 'म्हणजे ते आपल्याकडे आले आणि ही इकडे आली,' असे म्हणून तिने वहीत मूर्तीचे चित्र काढायला घेतले. दालनातल्या पहारेकरी बाईंनी तिला कागदाखाली धरायला आपला पुठ्ठा दिला.

नंतर पिझ्झा झालाच. चीज नसलेला मरिनारा, नुसता टोमॅटो, लसूण आणि ओरेगॅनोचा, सासूबाईंनी न बोलता संपवला, यातच सर्व आले.

मेस्सिनाला चर्चच्या मनोऱ्यावरचे यांत्रिक घड्याळ दुपारी 12 वाजता चालू होते. सोनेरी सिंह गर्जना करतो, कोंबडा आरवतो आणि एकामागून एक आकृत्या सरकत जातात. ते 1933 मध्ये बसवलेले आहे. मुलांसाठी यापलीकडे मेस्सिनात काही शोधू नये. व्हॅलेटाला बंदरापासून अप्पर बराक्का बागेपर्यंत लिफ्टने वर जाता येते आणि तिथेही दुपारी बारालाच तोफेची सलामी असते. पुढचा दिवस पूर्ण समुद्रावरचा असल्याने त्या दुपारी कुणालाच घाई नव्हती.

हा समुद्रावरचा दिवस मुलांच्या मते सफरीतला सर्वोत्तम ठरला. आम्ही खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घेतली होती; तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात आणि ती स्वस्तही असते. बाल्कनीचा खर्च वाचवून तो बार्सिलोनातील अधिकच्या मुक्कामावर करावा, असे मी लहान मुलांच्या पालकांना सुचवेन, कारण मुले केबिनमध्ये फक्त झोपायला येतात. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवाव्या लागतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. दुसऱ्या सकाळचे कपडे, औषधे, पासपोर्ट आणि चिवड्याचे उरलेले पाकीट तेवढे हातातल्या पिशवीत काढून ठेवावे.