ट्रेबल निघाली… गेली!

केंब्रिजला आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत पाच जणांनी मला "तुम्ही एकदा घरी यायलाच हवं" असं सांगितलं. मी पुण्याची. "जेवूनच आला असाल ना?" या प्रश्नाचा अर्थ मला जन्मापासून कळतो. इंग्रजांचं "यायलाच हवं" कळायला मात्र वेळ लागला. पहिल्या दोघांना मी सरळ तारीख विचारली. एक जण खोकला, दुसरीनं पावसाचा विषय काढला.

नवरा संशोधनात, त्याला लॅब होती. माझं काम घरून, लॅपटॉपवर. दिवसभरात तोंड उघडायचं ते पार्सलवाल्यापुरतं. मराठी मंडळी होती, नाही असं नाही. गणपतीला मोदक, दिवाळीला फराळ, सगळं प्रेमानं. पण मधल्या मंगळवारांचं काय करायचं? म्हणून छंद शोधायला निघाले. या गावात छंदांना तोटा नाही, फक्त आत शिरायची वाट सापडावी लागते. मातीकामाच्या वर्गाला वेटिंग लिस्ट. कॉयरमध्ये जायचं तर आधी परीक्षा. एका पबच्या माडीवर माणूस समोर बसवून चित्रं काढायचा वर्ग भरतो, तिथे गेले. अंगावर चिंधीही न घालता समोर जो मॉडेल बसला होता, तो मिल रोडवर मला रोज कोथिंबीर देणारा निघाला. पुढचा आठवडाभर घरात कोथिंबिरीशिवाय स्वयंपाक झाला.

घंटांचं खूळ कुठून आलं ते सांगते. पहिल्याच आठवड्यात बाजारचौकात उभी असताना ग्रेट सेंट मेरीज चर्चच्या घड्याळानं पाऊण वाजल्याचे टोले दिले आणि मी जागीच थांबले. आजोबांच्या वाड्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाची धून! आम्ही तिला बिग बेनची म्हणायचो. ती मुळात इथली. १७९३ मध्ये याच चर्चच्या घड्याळासाठी ती बांधली गेली, १८५९ मध्ये लंडनच्या घड्याळानं उचलली, आणि जग तिला वेस्टमिन्स्टरची म्हणायला लागलं. केंब्रिजकर हे अजून विसरलेले नाहीत. (विसरतील कसे, पुणेकरांसारखेच आहेत.)

पण ते यंत्राचं वाजणं. रविवारी सकाळी निरनिराळ्या मनोऱ्यांतून जो घंटांचा पाऊस पडतो, तो माणसं पाडतात, हे मला माहीतच नव्हतं. २०२३ च्या जानेवारीत एक पोस्टर दिसलं. मे महिन्यात राजाचा राज्याभिषेक, त्या दिवशी देशभर घंटा वाजवायला माणसं कमी पडताहेत, या, शिकवतो. खाली लिहिलं होतं: संगीताचं ज्ञान नको, श्रद्धा नको, ताकद नको. तिन्ही माझ्याकडे नव्हती. मी फोन केला.

शहराच्या कडेला एक जुनं गाव आहे, त्या गावातलं चर्च. अरुंद गोल जिना, हाताला धरायला भिंतीवरून सोडलेला दोरखंड. वर एक खोली, छतातून खाली आलेले सहा दोर, त्यांच्याभोवती गोल उभी सहा माणसं. त्यात तेरा वर्षांचा एक मुलगा होता आणि सत्तरी उलटलेल्या टॉवर कॅप्टन बाई होत्या. त्यांचं पहिलं वाक्य: "सांगितल्याशिवाय कुठल्याही दोराला हात लावायचा नाही." नाव नंतर विचारलं.

देवळातली घंटा म्हणजे हात वर करून लोळी हलवायची, अशी आपली समजूत. इथे घंटाच फिरते. अडीचशे किलोचं ते धूड एका मोठ्या चाकाला जोडलेलं असतं आणि सुरुवातीला तोंड आभाळाकडे करून उलटं उभं असतं, तोल जाईल न जाईल अशा बेतानं. दोर ओढला की पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा उलटं उभं राहतं, मग उलट दिशेनं तसंच. एका खेपेला हातात दोराचं टोक असतं, तो बॅकस्ट्रोक. दुसऱ्या खेपेला दोरावरची लोकरीची रंगीत, गुबगुबीत मूठ, तिला सॅली म्हणतात, तो हँडस्ट्रोक. सॅली वेळेवर पकडायची आणि वेळेवर सोडायची. सोडली नाही तर घंटेबरोबर आपणही छताकडे निघतो. ताकद खरंच लागत नाही. उलट ताकदवान माणसं जास्त चुकतात. लागतो तो धीर: वर गेलेली घंटा तोलावर क्षणभर रेंगाळते, तेवढा वेळ काहीच न करता थांबायचं. माझ्या स्वभावात नेमकं हेच नाही.

पहिले दोन महिने नुसता दोर हाताळण्यात गेले. आधी फक्त बॅकस्ट्रोक, हँडस्ट्रोक बाई सांभाळणार. मग उलटं. मग दोन्ही एकत्र, आणि दोन्ही एकत्र आले की आधी येत असलेलं सगळं विसरायचं. शिकाऊ माणसाच्या घंटेची लोळी बांधून ठेवतात, म्हणजे गावाला त्रास नको. आई नाशिकची, लहानपणी मी मोठ्यानं बोलले की "नारोशंकराची घंटा" म्हणून गप्प करायची. गोदावरीकाठच्या देवळातली ती घंटा वसईच्या पोर्तुगिजांची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा चर्चच्या घंटा लुटून आणल्या आणि आपण त्या देवळांत टांगल्या. आता मी चर्चमध्ये मुकी घंटा वाजवतेय म्हटल्यावर आई म्हणाली, "बरं झालं, कोणीतरी तोंड बांधलं एकदाचं." मैत्रिणींच्या ग्रुपवर तर "तिकडे जाऊन काय करतेस?" "घंटा!" हा विनोद वर्षभर पुरला.

एप्रिलमध्ये लोळी सोडली. आता सगळ्यांबरोबर वाजवायचं. सगळ्यात लहान, उंच आवाजाची घंटा ट्रेबल, सगळ्यात मोठी टेनर. ट्रेबलवाला हात सॅलीवर ठेवून म्हणतो, "सांभाळा! ट्रेबल निघाली… गेली!" आणि एकामागून एक सहा घंटा उतरत्या सुरात. इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नसतं, पण या खोलीत प्रत्येक घंटा 'ती' असते. मी मनात म्हटलं, आमच्याकडे ती पहिल्यापासून तीच आहे, तुम्हालाच उशिरा कळलं.

६ मेला मी दुसऱ्या नंबरवर होते. नुसते राउंड्स, एक-दोन-तीन-चार-पाच-सहा, वीस मिनिटं. तळव्यांना घाम. राजाशी माझं काही घेणंदेणं नाही, आणि चले जावमध्ये तुरुंगात गेलेल्या आजोबांना हे कळलं असतं तर काय म्हणाले असते, हा विचार आलाच. पण खरं सांगायचं तर त्या वीस मिनिटांत राजा कुणाच्याच डोक्यात नव्हता. तीन नंबरची मागे पडतेय, एवढंच होतं.

इथपर्यंत ठीक होतं. खरी रड पुढे.

घंटा जड असल्यामुळे ती वाटेल तशी लवकर किंवा उशिरा वाजवता येत नाही. दर फेरीला फार तर एक जागा पुढे किंवा मागे. म्हणून इंग्लंडमध्ये घंटांवर सुरावट वाजवत नाहीत, क्रम बदलत नेतात. सगळे क्रम वाजून होईपर्यंत एकही पुन्हा येता कामा नये. पाच घंटांचे १२० क्रम, सहांचे ७२०, सातांचे ५०४०. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तला अंकपाश तो हाच, फक्त दोराला बांधलेला. इथे हा उद्योग सतराव्या शतकापासून चालतो; पहिलं पुस्तक १६६८ चं. ते प्रकाशित करणाऱ्या फेबियन स्टेडमनचं नाव परंपरेनं केंब्रिजच्या सेंट बेनेट्स चर्चशी जोडतात. तिथला मनोरा नॉर्मन लोक यायच्याही आधीचा आहे. सायकलवरून जाताना मी त्याला मनातल्या मनात नमस्कार करते, आणि थोडी शिवीही देते.

कारण प्लेन हंट. सगळ्यात सोपा प्रकार, म्हणे. १२३४५, मग २१४३५, मग २४१५३. प्रत्येक घंटा एकेक जागा सरकत शेवटी जाते, तिथे एकदा थांबते आणि तशीच परत पुढे येते. कागदावर दहा मिनिटांत कळलं. दोर हातात आला की दर वेळी आपल्या आधी वाजणारी घंटा निराळी, म्हणजे दर दोन सेकंदांनी निराळ्या दोरामागे जायचं. कुठल्या? ते दिसायला लागतं, म्हणतात. त्याला इथे रोपसाइट असा शब्द आहे. मला जून, जुलै, ऑगस्ट काहीही दिसलं नाही. नुसते वर-खाली जाणारे दोर, जशी दुपारची लोकल.

जुलैतच मी स्टे मोडला. स्टे म्हणजे घंटा तोलापलीकडे उलटू नये म्हणून लावलेला लाकडी दांडा. मी वैतागून जरा जास्तच ओढलं, वर कडाड् आवाज झाला आणि दोर हातातून सापासारखा छताकडे गेला. "सोड! मागे हो!" बाई ओरडल्या. सोडला, म्हणून हात शाबूत राहिले. मला वाटलं, संपलं, आता हाकलणार. बाई वर जाऊन आल्या, मोडका तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तो मोडण्यासाठीच असतो. फ्यूजसारखा. आम्ही सगळ्यांनी मोडलाय." तेरा वर्षांच्या मुलानं सांगितलं, त्यानं दोन मोडलेत. तो तुकडा आता आमच्या देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर आहे.

प्लेन हंट उलगडला तो स्वयंपाकघरात. पोळ्या लाटता लाटता समोर चिकटवलेल्या कागदावरच्या पाच रंगांच्या रेघांकडे बघत होते. एक रेघ बाहेर जाते, दुसरी तिच्या आतून येते, पुन्हा बाहेर. आणि एकदम शाळेचं गॅदरिंग आठवलं. गोफ! मधल्या खांबाला बांधलेल्या रंगीत ओढण्या, एकीच्या उजवीकडून, दुसरीच्या डावीकडून, आणि हळूहळू वेणी विणली जायची. तेव्हा पाटीलबाई ओरडायच्या, "स्वतःच्या ओढणीकडे बघू नका, समोरून येणारीकडे बघा!" पुढच्या मंगळवारी मी आकडे मोजणं सोडलं आणि समोरून कोण येतंय ते बघायला लागले. तीनदा चुकले, चौथ्यांदा गोफ विणला गेला. परत राउंड्समध्ये आल्यावर बाई "बस्स, झालं" एवढंच म्हणाल्या, पण भुवई वर करून. इंग्लंडमध्ये हा हारतुरा असतो.

नऊ वाजता सराव संपला की सगळे पबमध्ये. इतक्या दिवसांत कुणीही मला काय काम करते, कुठून आलीस, परत कधी जाणार, असलं काही विचारलं नव्हतं. बोलणं काय, तर कुणाचं मांजर, कुणाचं कुंपण आणि चौथ्या घंटेचा कुरकुरणारा दोर. पहिल्यांदा मला हे तुसडं वाटलं. मग बरं वाटायला लागलं. एकदा एक निवृत्त इंजिनिअर फोनवर जगातल्या अशा मनोऱ्यांची यादी चाळत होते. म्हणाले, "तुझ्या पुण्यात आहे की एक. आठ घंटा." मी हसले. त्यांनी फोन पुढे केला. पंचहौद! गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय. माझं माहेर तिथून पायी दहा मिनिटांवर. पंचहौद म्हणजे १८९० चं चहा प्रकरण, टिळक आणि रानडे मिशनमध्ये चहाला गेले आणि पुण्यात गहजब झाला, एवढंच आम्हाला ठाऊक. डोक्यावर इंग्लंडात ओतलेल्या, पूर्ण गिरकी घेणाऱ्या आठ घंटा टांगल्यात, हे कळायला मला केंब्रिजच्या पबमध्ये लिंबूसोडा पीत बसावं लागलं. त्या रात्री पहिल्यांदा मीच जास्त बोलले, आणि विषय होता चहा.

जिना उतरताना बाई म्हणाल्या, "गुरुवारी सूप. साडेसहा. तुझ्यासाठी मांसाशिवाय. येताना ब्रेड आण." वार, वेळ, ब्रेड. मी डायरीसुद्धा काढली नाही.

क्वार्टर पील म्हणजे न थांबता साडेबाराशेच्या वर फेऱ्या, पाऊण तासाच्या आसपास. नवख्याला बहुधा ट्रेबल देतात, कारण तिला पूर्ण वेळ फक्त प्लेन हंट. पाच घंटा क्रम बदलणार, टेनर दर वेळी शेवटी ठोका देणार. १२६० फेऱ्या, म्हणजे तोच गोफ १२६ वेळा. २०२४ च्या नोव्हेंबरमधला पहिला प्रयत्न अर्ध्या तासानंतर फसला. चूक माझी: नाक खाजलं, मी त्याचा विचार केला, आणि शेवटच्या जागी एकदाच थांबायचं ते दोनदा थांबले. दोन घंटा एकमेकींवर आदळल्यासारख्या वाजल्या, मग तीन, मग नुसता कल्ला. "थांबा." सहाही घंटा गप्प. कोणी काही बोललं नाही. तेरा वर्षांचा मुलगा आता पंधरा वर्षांचा होता, त्यानं खिशातून चॉकलेट काढून दिलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा. या वेळी "ट्रेबल निघाली… गेली!" मीच म्हणायचं होतं. मनात मराठीत म्हटलं, तोंडानं इंग्रजीत. पुढचं फारसं आठवत नाही. समोरून येणाऱ्याकडे बघायचं, एवढंच. मध्ये कधीतरी खिडकीबाहेरचा उजेड गेला. शेवटी राउंड्स लागले, "बस्स, झालं", आणि तळव्यांची आग एकदम जाणवली. ४६ मिनिटं.

अशा प्रत्येक क्वार्टरची नोंद ऑनलाइन होते. तारीख, गाव, प्रकार, आणि घंटेच्या क्रमानं सहा नावं. ट्रेबल पहिली, म्हणून माझं नाव पहिलं, आडनावासकट अचूक, आणि खाली एक ओळ: पहिली क्वार्टर, १. मी ते आईला पाठवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या, मग फोनच आला.

"पाऊण तास दोर ओढलास?"

"हो."

"पैसे देतात का गं?"

"नाही. उलट आता मलाच केक न्यावा लागेल."

"हात्तिच्या," आई म्हणाली. "रव्याचा ने. वेलची घाल भरपूर."