रॅमवर छापलेला वेग प्रत्यक्षात मिळवताना

इमारतींचे त्रिमितीय आराखडे करणे हे माझे रोजचे काम. त्यासाठी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग घेऊन मी एक संगणक जुळवून घेतला होता. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ज्यांच्या वेष्टनावर ३२०० हा आकडा ठळक छापलेला होता. वेगळे ग्राफिक्स कार्ड मी घेतले नव्हते आणि पुढचा सगळा प्रकार याच गोष्टीशी जोडलेला आहे. या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तो मुख्य रॅमचाच वापर करतो. त्यामुळे रॅम मंद असली की पडद्यावरचे चित्रही मंदावते.

चार मजली इमारतीचा नमुना फिरवून पाहताना तो सारखा अडखळत असे. कारण शोधताना टास्क मॅनेजर उघडला, तर मेमरीच्या पानावर वेग २१३३ दिसला. खात्रीसाठी सीपीयू-झेड हे सुट्या भागांची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर चालवले, तर तिथे १०६६ मेगाहर्ट्‌झ. हा आकडा पाहून पुष्कळ जण घाबरतात, पण त्यात काही चूक नसते. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून १०६६ची दुप्पट २१३३ होते. मला खरा धक्का बसला तो त्याच्या वरच्या ओळीने, कारण दोन रॅम असूनही तिथे चॅनेल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातला माहितीचा मार्ग, एकच दाखवले होते.

२१३३ का, याचे उत्तर रॅमच्या पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये असते. त्या चिपमध्ये वेगांचे तक्ते साठवलेले असतात. मदरबोर्ड सुरू होताना त्यांतला सर्वमान्य, सुरक्षित वेग निवडतो आणि १.२ व्होल्टवर रॅम चालवतो. माझ्या रॅमचा ३२०० हा वेग एक्सएमपी नावाच्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये होता आणि त्याला १.३५ व्होल्ट लागत होते. हे प्रोफाइल बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) जाऊन आपण स्वतः चालू करावे लागते. (काही रॅम १.२ व्होल्टवर आपोआप ३२००ने चालतात; माझ्या त्यांतल्या नव्हत्या.) संगणक जोडून देणाऱ्या दुकानात हे केले गेले नव्हते. फोन करून विचारले तेव्हा, "साहेब, रॅम ३२००चीच आहे, डब्यावर बघा ना," एवढेच उत्तर मिळाले.

पहिला प्रयत्न मी घाईने केला आणि तो फसला. बायोसमध्ये वेगाच्या यादीतून ३२०० निवडले, बाकी काही बदलले नाही. वेग वाढला, पण व्होल्टेज १.२वरच राहिले. संगणक सुरू होईना. पंखे फिरत, थांबत, पुन्हा फिरत आणि पडदा काळाच राही. मदरबोर्ड अशा वेळी स्वतःच दोन-तीनदा प्रयत्न करून जुन्या वेगावर परत येतो असे वाचले होते, पण माझा आला नाही. अखेर वीजपुरवठ्याची वायर काढली, बोर्डवरच्या सीएमओएसच्या, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसण्याच्या, दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडून धरल्या, तेव्हा बायोस मूळ स्थितीत आला.

कॅबिनेट उघडलेच होते म्हणून रॅमच्या जागा पाहिल्या. दोन्ही पट्ट्या प्रोसेसरच्या लगतच्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी बसवलेल्या होत्या, म्हणजे ए१ आणि ए२मध्ये. हे दोन्ही स्लॉट एकाच चॅनेलचे. मदरबोर्डच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते की दोनच पट्ट्या असतील तर त्या ए२ आणि बी२मध्ये, म्हणजे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात. मी त्या काढून कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसल्या. आपल्याकडे रॅमचे सोनेरी टोक खोडरबराने घासण्याची पद्धत आहे, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडतो, म्हणून मी ती टाळतो. पट्टीची खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला आणि खटका बसल्याचा आवाज आल्यावरच हात काढला.

या वेळी सुटा वेग न निवडता एक्सएमपी प्रोफाइलच चालू केले. याला एसूसच्या बोर्डवर डीओसीपी आणि एमएसआयच्या बोर्डवर ए-एक्सएमपी म्हणतात, काम तेच. वेग ३२००, टायमिंग (रॅमच्या प्रतिसादाला लागणाऱ्या ठोक्यांचे आकडे) १६-१८-१८-३८ आणि व्होल्टेज १.३५, हे सगळे एकदम भरले गेले. पहिल्या वेळी पडदा उजळायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला, कारण नव्या वेगासाठी बोर्ड रॅमशी जुळवून घेत होता. अशा वेळी घाबरून बटण दाबू नये.

विंडोज सुरू झाले आणि टास्क मॅनेजरने ३२०० दाखवले, तरी मी तिथे थांबलो नाही. आराखड्याची फाइल नकळत बिघडली तर तो बिघाड महिन्यानंतर लक्षात येतो, आणि ती जोखीम मला पत्करायची नव्हती. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर चालवले. दुसऱ्या फेरीत चुका दाखवणाऱ्या लाल ओळी दिसू लागल्या. एकेक पट्टी वेगळी तपासली, तर दोन्ही निर्दोष. चूक फक्त जोडीने चालवताना येत होती. वेष्टने पुन्हा पाहिली तेव्हा कळले की त्या दोन सुट्या पट्ट्या होत्या, एकाच नावाच्या पण लेबलवरचा आवृत्तीक्रमांक वेगळा. आतल्या चिप वेगळ्या असण्याची शक्यता अशा वेळी असते, म्हणूनच जोडीने विकला जाणारा संच घ्यावा असे सांगतात.

रॅम बदलण्याआधी बायोसची नवी आवृत्ती घालून पाहायचे ठरवले, कारण रॅमशी जुळवून घेण्याचा भाग बायोसमध्येच असतो आणि त्यात सुधारणा होत राहतात. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून आधी यूपीएसची बॅटरी पूर्ण चार्ज केली. अपडेटनंतर सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या होत्या, रॅम पुन्हा २१३३वर आली होती. प्रोफाइल परत चालू केले आणि रात्री चारही फेऱ्या लावल्या. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य होते. उन्हाने खोली तापते तेव्हा काय होते हे पाहण्यासाठी मे महिन्यातल्या एका दुपारी तीच चाचणी पुन्हा घेतली; तेव्हाही शून्यच.

या साऱ्या खटाटोपाचे मोल आकड्यांत सांगता येते. एका चॅनेलवर २१३३ने चालणारी रॅम सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १७ जीबी माहिती पोहोचवू शकते. दोन चॅनेलवर ३२००ने ती मर्यादा ५१.२ जीबी होते, म्हणजे तिप्पट. तो चार मजली नमुना आता न अडखळता फिरतो, आणि त्याचे मोठे श्रेय मी वेगाइतकेच स्लॉट बदलण्याला देतो.

आता मला ३२ जीबीची गरज भासते आहे. रिकाम्या दोन स्लॉटमध्ये आणखी दोन पट्ट्या घालणे स्वस्त पडेल, पण चार पट्ट्या असताना प्रोसेसरने हमी दिलेला वेग कमी होतो आणि वेगवेगळ्या चिपचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून सध्याच्या दोन्ही काढून १६ जीबीच्या दोन पट्ट्यांचा एकच संच घ्यायचे मी ठरवले आहे, तोही मदरबोर्डच्या तपासलेल्या रॅमच्या यादीत असेल तरच.