उसाची पात, चुन्याची पुडी आणि डोळ्याचे पहिले काही तास

ऊसतोडीच्या आणि भातकापणीच्या दिवसांत आमच्याकडे दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या डोळ्याला पात लागते. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. ती बुबुळावरून ओझरती गेली तरी वरचा पारदर्शक पडदा खरवडला जातो. पण रक्त येत नाही, दिसण्यातही लगेच फारसा फरक पडत नाही, म्हणून माणूस डोळ्यावर पाणी मारून पुन्हा कामाला लागतो. पाचटावर आणि मातीत फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस यांसारख्या बुरशी असतात. त्या ओरखड्यातून आत शिरल्या तर बहुधा सावकाश वाढतात, त्यामुळे खरे दुखणे काही दिवसांनी सुरू होते आणि तोवर पात लागल्याचा विसर पडलेला असतो.

माझ्या आत्याला पाला काढताना अशीच पात लागली होती. डोळा लाल होऊन ठणकू लागला, तेव्हा मामांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर फडताळात उरलेली थेंबांची बाटली तिने वापरली. दोन दिवसांत लाली उतरली, ठणका कमी झाला आणि घरच्यांना हायसे वाटले. त्या थेंबांत स्टेरॉईड होते. स्टेरॉईड दाह दडपते, त्यामुळे डोळा बरा होत असल्यासारखा दिसतो, परंतु शरीराचा प्रतिकार कमी होऊन बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. आठवड्याअखेर बुबुळावर मळकट पांढरा ठिपका दिसू लागला. नेत्रतज्ज्ञांनी जखमेचा खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि नाटामायसिन या बुरशीनाशक औषधाचे थेंब दर तासाला, रात्रीसुद्धा, घालायला सांगितले. उपचार कित्येक आठवडे चालले. डोळा वाचला, पण मधोमध फूल राहिले आणि त्या डोळ्याने तिला आता माणसांचे चेहरे ओळखता येत नाहीत. बाटलीवरचे नाव वाचून हे घालू का, असे कोणालातरी विचारले असते तर एवढ्यावर आले नसते, ही खंत आमच्या घरात अजून आहे.

वेळेत उपचार मिळाले तर काय होते, हे नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात दिसून आले आहे. तेथे गावातील प्रशिक्षित स्वयंसेवक बुबुळावर ओरखडा आहे का ते तपासून तीन दिवस प्रतिजैविकाचे साधे मलम घालत असत. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, इजेनंतर 18 तासांच्या आत मलम सुरू झालेल्या एकाही डोळ्यात जंतुसंसर्ग झाला नाही. उशिरा आलेल्यांत मात्र व्रण झाले. म्हणून पात लागल्यानंतर डोळा टोचत असेल, पाणी येत असेल किंवा उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे, असे मी कळकळीने सांगतो. मध, दूध, गुलाबपाणी यांपैकी काहीही घालू नये आणि जिभेने कुसळ काढून घेऊ नये. घरी आधीच काही थेंब घातले असतील तर ती बाटली डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

चुन्याच्या बाबतीत क्रम उलटा आहे: आधी पाणी, मग दवाखाना. पानतंबाखूसाठी आणलेली चुन्याची पुडी लहान मूल दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना अल्कधर्मी असल्याने पेशींना विरघळवत आत आत जातो. त्यामुळे वाहनाची वाट पाहण्यात गेलेली पंधरा मिनिटे फार महाग पडतात. मुलाला आडवे करून, पापण्या बोटांनी उघड्या धरून, नळाच्या किंवा तांब्यातल्या स्वच्छ पाण्याची धार किमान अर्धा तास सोडावी. मूल कितीही रडले तरी थांबू नये. वरच्या पापणीखाली अडकलेले चुन्याचे कण डॉक्टरांनाच पापणी उलटून काढावे लागतात, म्हणून धुऊन झाल्यावर दवाखान्यात नेणे टाळू नये. लिंबाचा रस घालून चुना मारण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

लोखंडावर हातोडा मारताना उडालेला कण डोळ्यात घुसला असेल तर मात्र डोळा धुऊ नये, दाबू नये आणि रुतलेली वस्तू ओढून काढू नये; डोळ्यावर कागदी पेला अलगद उपडा चिकटवून तडक रुग्णालय गाठावे. असा कण कधी कधी फारसे न दुखता आत जातो, त्यामुळे दुखण्यावरून इजेचा अंदाज बांधू नये.

इजेविनाही डोळा अचानक धोक्यात येतो. एकाएकी प्रकाश चमकू लागणे, काळे ठिपके वाढणे किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे, ही आतला पडदा फाटत किंवा सुटत असल्याची चिन्हे असू शकतात. एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले, तर न दुखताही ती पक्षाघातासारखीच तातडीची बाब असते. आणि डोळा लाल होऊन असह्य दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली व उलट्या झाल्या, तर आपल्याकडे पुष्कळदा पित्त झाले म्हणून झोपून राहतात. तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो आणि डोळ्यातील दाब उतरवण्यासाठी त्याच रात्री दवाखान्यात जावे लागते.