एकच सभागृह, नाटकालाही आणि व्हॉलीबॉललाही

सरकारी माध्यमिक शाळेत कला आणि खेळ दोन्ही जोरात असले की पहिली ओढाताण सभागृहावरून होते. व्हॉलीबॉलचं मैदान १८ बाय ९ मीटर, शिवाय चारही बाजूंना किमान ३ मीटर मोकळी जागा. तिथे नाटकाचा सेट उभा राहिला की सराव बंद. म्हणून नेपथ्य चाकं लावलेल्या फळ्यांवर बांधावं. चाकांना ब्रेक हवेतच. नटांच्या जागा दाखवणारी चिकटपट्टी त्याच संध्याकाळी काढा. आठवडाभर राहिली तर जमिनीवर चिकटा उरतो, बूट तिथे अडतो आणि उडीवरून उतरणाऱ्या मुलीचा घोटा मुरगळतो.

वेळापत्रक कला आणि क्रीडा शिक्षकांनी एकत्र बसूनच करावं. दोन्हीकडे असलेल्या मुलांची नावं आधी लिहा. एक काहीतरी सोड, असं त्यांना सांगणं मला अन्यायाचं वाटतं.