सीसीत साहेब

सकाळपासून एकाच मेलवर अडकून बसले आहे. पर्चेसच्या माणसाचा, सहा-सात ओळींचा मेल. आवाज चढवलेला नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. भोसरीच्या फॅब्रिकेटरचं बिल पर्चेसने वेळेत अकाउंट्सला दिलं होतं, पेमेंट अकाउंट्सकडे, म्हणजे माझ्याकडे, थकलं, कृपया खुलासा करावा. सीसीत आमचे साहेब आणि प्लँट हेड.

आता हे खरं नाही, एवढंच असतं तर मी दहा मिनिटांत उत्तर ठोकलं असतं. बिल ३ फेब्रुवारीचं. माल ४ तारखेला उतरला, जीआरएन झाला, म्हणजे माल मिळाल्याची नोंद झाली. पीओत, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, जुना रेट होता. रेटचं अमेंडमेंट करायचं त्याने, ते झालं २७ मार्चला. बिल माझ्याकडे आलं ३० ला. इनवर्डचा शिक्का स्वच्छ दिसतो. पीओ, जीआरएन आणि बिल जुळल्याशिवाय मी पैसे सोडत नाही, हे त्याच्याइतकं कंपनीत कुणालाच माहीत नसेल. पैसे गेले एप्रिलमध्ये. भोसरीवाला सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेला, म्हणजे करारात काहीही लिहा, ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही. मुदत उलटली आणि ३१ मार्चच्या आत पैसे गेले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्सला धरता येत नाही. २०२३-२४ पासूनचं हे लचांड. वर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. ऑडिटरने यादी काढली, त्यात हे बिल, आणि खापर फोडायला कुणीतरी हवं होतं.

तर उत्तर सोपं आहे. कागद माझ्या बाजूने आहेत. मग दुपारचे तीन वाजले तरी मी ते का पाठवलं नव्हतं?

कारण मला साधा राग येत नाही. म्हणजे येतो, पण साधा येत नाही. क्वालिटीवाल्यांशी भांडण झालं की मी कँटीनमध्ये जाऊन चार शब्द बोलते, चहा पिते, विषय संपतो. ह्याच्याबद्दल कँटीनमध्ये बोलायची मला सोय नाही. जास्त बोलले तर कुणाच्या तरी कानाला खटकेल, आणि काहीच बोलले नाही तर तेही कुणाच्या तरी कानाला खटकेल. आज टेबलावर सगळे त्याला शिव्या घालत होते, माझ्या बाजूने, आणि मी डब्यातली भेंडी उलटसुलट करत होते. एवढा हक्काचा राग, आणि तो काढायची चोरी.

ताईला फोन केला. ती म्हणाली, ‘तुला कशाचा राग आलाय ते आधी ठरव, बिलाचा की त्याचा.’ तिला नेहमी असं वाटतं की मी ठरवत नाही म्हणून ठरत नाही.

पण प्रश्न बरोबर आहे. मी उत्तराचा मसुदा उघडायचे आणि प्रत्येक बटणाला दोन अर्थ दिसायचे. फक्त त्यालाच उत्तर पाठवलं, साहेबांना वगळलं, तर ते सांभाळून घेणं झालं. मी का सांभाळून घ्यावं? आणि सगळ्यांना ठेवलं तर? उद्या तो म्हणेल, बघा, अजून डूख धरून आहे. कुणाला म्हणेल, हाही प्रश्नच आहे; त्यालाही कँटीनमध्ये सोय नाही. पण मनात म्हणेल. त्याच्या मनात काय येईल याची काळजी करायचं माझं काम कधीच संपलंय, तरी हात सीसीवर जायचा आणि परत यायचा. अमेंडमेंटचा स्क्रीनशॉट जोडताना वाटायचं, हा पुरावा आहे की सूड? दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हा विचारसुद्धा आला नसता. तारीख ती तारीख.

आणि सगळ्यात कळस म्हणजे मेलची रचना. आधी संदर्भ, मग तारखा ओळीने, शेवटी एकच मागणी, विशेषणं शून्य. हे त्याला मी शिकवलंय. आधी तो मेलवर निबंध लिहायचा. मीच सांगायचे, तक्रार नंतर, तारखा आधी. रात्री उशिरा त्याचे मेल मी फोनवरून दुरुस्त करून द्यायचे, आणि घरी कुणी विचारलं तर... असो.

एचआरकडे जाण्यासारखं यात काही नाही. दरवर्षी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं ते ट्रेनिंग होतं, आम्ही दोघंही मागच्या रांगेत बसून सही करून येतो. आमच्यात जबरदस्ती नव्हती, वर-खाली नव्हतं. दोघंही शहाणे होतो म्हणे. कुठल्याच स्लाइडवर हे नसतं की नंतरची दहा वर्षं एकाच ईआरपीमध्ये, कंपनीच्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये, काम कसं करायचं. वहिनी परवा फॅमिली डेला भेटल्या, मोदकाच्या उकडीबद्दल विचारत होत्या. नको तो विषय.

चार वाजता आमची ज्युनिअर पोरगी आली. तिला यातलं काही माहीत नाही. कंपनीत येऊन तिला जेमतेम वर्ष झालंय. मेल वाचून खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, ‘मॅडम, हे सर असेच आहेत हो. गेल्या महिन्यात स्टोअरच्या काकांना असंच केलं. त्याआधी डिस्पॅचला. सीसीत प्लँट हेड टाकल्याशिवाय त्यांचा मेल जातच नाही.’ आणि तिने मला ते मेल दाखवले. तेच. संदर्भ, तारखा, एक मागणी. स्टोअरच्या काकांना लावलेलं शेवटचं वाक्य आणि मला लावलेलं शेवटचं वाक्य अक्षरशः एकच, कॉपी-पेस्ट.

मी सकाळपासून शोधत होते की या मेलमध्ये माझ्यासाठी काय आहे. काहीच नव्हतं! खुन्नस नाही, जुना हिशेब नाही, लपवलेलं दुखणं नाही. ऑडिटरने विचारलं, माणसाने हात झटकले. मी डिस्पॅचच्या रांगेत उभी आहे. खरं सांगायचं तर पहिल्यांदा अपमानच वाटला. निदान राग तरी खास असायला हवा होता की नाही? मग हसू आलं, आणि पोरीला वाटलं मी तिच्या बोलण्यावर हसतेय, म्हणून तीही हसली.

उत्तर पाच ओळींत गेलं. रिप्लाय ऑल. जीआरएन, अमेंडमेंटची तारीख, इनवर्डचा शिक्का, तिन्ही जोडलं. व्याजाची तरतूद करावी लागेल, रक्कम उद्या कळवते. एक ओळ मी घातली आणि काढली: ‘तुम्हाला ही प्रक्रिया माहीत आहेच.’ ती कामाची नव्हती. बाकी सगळं कामाचं होतं, मी दोनदा तपासलं.

वीस मिनिटांत त्याचं उत्तर, ‘नोटेड’. एवढंच. साहेबांनी मात्र लगेच उद्या साडेअकराची मीटिंग लावली, पर्चेस आणि अकाउंट्सने बसून सगळ्या लहान व्हेंडरांची थकबाकी काढावी म्हणून. म्हणजे तो आणि मी, छोट्या मीटिंग रूममध्ये, तासभर.

पोरीला बरोबर घेऊन जाणार आहे. कोण सूक्ष्म, कोण लघु, कुणाचे ४५ कधी भरतात, तिला सगळं पाठ आहे. शिवाय तिला त्याचा मनापासून, निर्मळ राग येतो. तीच बोलेल.