इतरांना दिसणारे आपण

आज दिवसभर संवादकौशल्यांच्या कार्यशाळेत होतो. अशा ठिकाणी गोड बोलण्याचेच धडे मिळतात, हा माझा जुना ग्रह आज बराचसा ढिला झाला. जोसेफ लुफ्त आणि हॅरिंग्टन इंगम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेल्या जोहरी खिडकीची, म्हणजे आपल्याविषयी स्वतःला आणि इतरांना काय ठाऊक आहे व काय नाही यावरून केलेल्या मांडणीची, चार तावदाने सकाळी समजावून सांगण्यात आली. त्यांपैकी इतरांना दिसणाऱ्या, पण स्वतःला न दिसणाऱ्या भागाचा प्रत्यय दुपारच्या सरावात आला.

एक गृहस्थ "मी अजिबात चिडलेलो नाही" असे संथ स्वरात सांगत असताना त्यांचा अंगठा पेनाचे बटण सारखे दाबत होता, आणि समोरच्या बाईंनी ते लक्षात आणून देताच ते स्वतःच्या हाताकडे परक्यासारखे पाहत राहिले. बाईंनी "तुम्ही तापट आहात" असा शिक्का मारला नाही. "तुम्ही बटण दाबत होता, त्यामुळे मला पुढचे विचारायला संकोच वाटला" एवढेच त्या म्हणाल्या. वर्तनाचे वर्णन ऐकणाऱ्याला पडताळून पाहता येते, स्वभावावरचा निवाडा मात्र त्याला खोडूनच काढावासा वाटतो, आणि मग मूळ विषय बाजूला पडून वाद माणसावर येतो.

समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून, त्याने होकार दिल्यावरच उत्तर द्यायचे, हा पुढचा सराव दिसायला सोपा, पण करायला भलताच अवघड निघाला. कारण ऐकता ऐकताच मन उत्तराची जुळवाजुळव करू लागते. उद्या हाच सराव मतभेदाच्या विषयावर करायचा आहे, आणि त्याची खरे तर मला जरा धास्तीच वाटते.