आईच्या मोज्यातलं घड्याळ

आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला मे महिन्यात. मी पुण्यात, ती आणि बाबा कराडला. डिस्चार्जनंतर चार दिवस राहून मला परत यावंच लागलं, रजा संपली होती. माझं जुनं स्मार्टवॉच तिला ऑपरेशनच्या तीन आठवडे आधीच दिलेलं, सवय व्हावी म्हणून, आणि आकडे माझ्या फोनवर दिसतील असं करून ठेवलेलं.

परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी बघते तर पावलं फक्त 63. फोन करून ओरडलेच मी तिला, अगं फिजिओने दर तासाला उठायला सांगितलंय ना! ती म्हणाली, "स्वयंपाकघर ते पुढचं दार किती फेऱ्या मारल्यात मी, विचार बाबांना." मग डोक्यात आलं, ती वॉकर धरून चालते, दोन्ही हात वॉकरवर घट्ट, ते हलतच नाहीत, आणि मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं ते हाताच्या झोक्यावरून. बाबांनी ते तिच्या डाव्या पायाच्या मोज्यात खोचलं तर दुसऱ्या दिवशी 800 च्या वर. उगाच बोलले तिला, अजून वाईट वाटतं.

मग ठरलंच, दिवसा मोज्यात आणि रात्री हातात. हातात म्हणजे बांगड्यांच्या वर, पट्टा नीट आवळून, कारण आतला हिरवा लाईट कातडीखालच्या रक्तावरून परत येतो त्यावरूनच नाडी मोजली जाते, सैल असलं की काहीही आकडा येतो.

आणि खरी कामाला आली ती ही रात्रीची नाडी. ऑपरेशनच्या आधी झोपेत तिची 64-66 असायची. नंतर 76 झाली, एवढं मोठं ऑपरेशन म्हटल्यावर थोडी वाढतेच, मग 74, 72 अशी उतरत होती. बाराव्या दिवशी परत 79, मग 84, मग 91. ताप नाही, टाके कोरडे, पोटरीला सूज नाही, ऑक्सिजन तर 98. आई म्हणे काही होत नाहीये गं, जरा गळून गेल्यासारखं वाटतंय एवढंच. मला राहवेना, बाबांना म्हटलं आजच्या आज डॉक्टरांना घरी बोलवा.

डॉक्टरांनी पापणी खाली ओढून बघितली आणि सरळ विचारलं, संडास काळी होतेय का? होत होती, डांबरासारखी, तीन दिवस. आईला वाटलं लोहाच्या गोळ्यांनी होते (होतेही थोडी काळपट, म्हणून तर कळत नाही), आणि असलं काय बाबांना सांगायचं म्हणून गप्प बसली. हिमोग्लोबिन डिस्चार्जच्या वेळी 10.1 होतं ते 7.8 वर आलेलं. दुखण्याची गोळी आणि गुठळी होऊ नये म्हणून दिलेली अ‍ॅस्पिरिन, दोन्ही मिळून पोटात अल्सर झालेला आणि त्यातून रक्त जात होतं. त्याच दिवशी अ‍ॅडमिट केलं, एंडोस्कोपी झाली, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, दुखण्याची गोळी बदलली.

ऑक्सिजनच्या 98 वर मी विसंबून राहिले असते तर, हा विचार करून आजही पोटात गोळा येतो. रक्त कमी झालं म्हणून तो आकडा पडत नाही, शरीरात जेवढं हिमोग्लोबिन उरलंय त्यातलं किती ऑक्सिजनने भरलंय एवढंच तो सांगतो. आणि नुसता 91 बघून तरी काय कळलं असतं, कितीतरी लोकांची तेवढी असते. मला आधीचे 66 माहीत होते म्हणून 91 खटकले. त्यामुळे घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर घड्याळ नंतर नका बांधू हो, निदान पंधरा दिवस आधी बांधा. बीपीच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या नाडी दाबून ठेवतात, तसं असेल तर ती वाढलेली दिसेलच असं नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि संडासचं रोज विचारा, लाजू नका.

डावा गुडघा डिसेंबरमध्ये करायचाय. घड्याळ आईने आत्तापासूनच घालायला घेतलंय, काल रात्रीची नाडी 65.